बॉनेट कापण्याआधी वारा कुठून जातो ते बघा

मळणीचा हंगाम तोंडावर आला की तालुक्याच्या गावातल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॅक्टर उभे दिसू लागतात. कुणाला ट्रॉलीचा हूक डागायचा असतो, कुणाला फणाचा दांडा सरळ करून घ्यायचा असतो. हल्ली त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. बॉनेटचा पत्रा कापायचा, त्यावर नाकासारखा फुगीर टोप बसवायचा, कडेच्या पत्र्याला आडव्या खाचा पाडायच्या. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "साहेब, इंजिन लई तापतंय. मोठमोठ्या गाड्यांना भोकं असतात, मग आपल्या ट्रॅक्टरला का नको?"

प्रश्न काही चुकीचा नाही. मोबाईलवर रोज वेगाच्या गाड्या बघणाऱ्या पोराला तो पडणारच. म्हणून आज त्या गाड्यांच्याच गोष्टीपासून सुरुवात करू. त्यातली एक गाडी तर शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या आणि आधी ट्रॅक्टर बनवणाऱ्या माणसाच्या कारखान्यातली आहे.

ट्रॅक्टरवाल्याची गाडी

इटलीत फेरारा जिल्ह्यातल्या रेनाझ्झो गावी १९१६ साली एका शेतकरी कुटुंबात फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात मेकॅनिक होते. युद्ध संपल्यावर लष्कराच्या मोडीत निघालेल्या वाहनांचे भाग जमवून त्यांनी ट्रॅक्टर बांधायला घेतले आणि १९४८ साली ट्रॅक्टरची कंपनी काढली. मोटारीचा कारखाना त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९६३ साली निघाला. लॅम्बोर्गिनी हे नाव आज कोट्यवधींच्या गाडीवर दिसतं, पण त्याच नावाचे ट्रॅक्टर आजही निघतात. १९७३ साली ट्रॅक्टरचा धंदा 'सामे' या दुसऱ्या इटालियन कंपनीकडे गेला. त्या समूहाचा एक कारखाना आपल्या देशात, तमिळनाडूतल्या राणीपेटला आहे. खुद्द फेरुच्चो शेवटी कारखानदारी सोडून द्राक्षबागेत रमले आणि १९९३ साली वारले. आपल्या बागायतदारांना हे ऐकून बरं वाटेल.

तर या कारखान्याने मार्च १९७१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात एक पिवळी गाडी मांडली. नाव काउन्टाश. त्यांच्या तिकडच्या बोलीत हा शब्द आपल्या 'अबब'सारखा आहे. गाडी होतीही तशीच, पाचरीसारखी, जमिनीला टेकलेली, कुठे उंचवटा नाही की खळगा नाही. मार्चेल्लो गांदिनी या कलावंताने ती रेखली होती. बारा सिलिंडरचं इंजिन माणसाच्या पाठीमागे. हवा आत जायला खिडकीच्या मागे माशाच्या कल्ल्यासारख्या खाचा ठेवलेल्या.

प्रदर्शनात ती उभी होती तोवर सगळं छान होतं. रस्त्यावर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा इंजिन तापू लागलं. कल्ल्यांतून पुरेशी हवा आत जाईना. मग गांदिनीच्या त्या देखण्या पत्र्यावर डागडुजी करावी लागली. दोन्ही खांद्यांवर पेटीसारखी हवा घेणारी तोंडं उभी केली. दारापासून मागच्या चाकापर्यंत कडेला त्रिकोणी खोलगट वाट कापली. १९७४ साली गाडी विक्रीला आली ती या सगळ्या जोडकामासकट. गंमत म्हणजे आज लोक ती गाडी ओळखतात त्या खांद्यांवरच्या पेट्यांवरूनच.

खाचा कमी का पडल्या, हे समजून घेण्यासारखं आहे. वेगाने धावणाऱ्या गाडीच्या अंगाला हवेचा एक पातळ थर चिकटून चालतो. तो मंद असतो, त्याच्यात जोर नसतो. खरा जोराचा वारा त्याच्या बाहेरून जातो. पत्र्याच्या पातळीत पाडलेल्या खाचेला हा मंद थरच मिळतो, जोराचा वारा वरून निघून जातो. पाटात पाणी धो धो वाहतंय, पण काठाला गवतात ते जागच्या जागी असतं, तसंच. दारं मोडायचं झालं तर पाण्याच्या आड काहीतरी घालावं लागतं. खांद्यांवरच्या पेट्या म्हणजे ते आड घातलेलं फळकुट. त्रिकोणी वाट ही त्याहून हुशारीची. तिला 'नाका' वाट म्हणतात. अमेरिकेच्या विमान-संशोधन संस्थेने १९४० च्या दशकात ती शोधली. पुढे अरुंद, मागे रुंद, कडा धारदार. त्या कडांवर हवेचे भोवरे होतात आणि ते बाहेरचा जोराचा वारा आत ओढून आणतात. बाहेर काहीही न काढता काम होतं, म्हणून वाऱ्याला अडथळाही कमी.

आत आलेली हवा बाहेर कुठून जाणार?

आपल्याकडचे वेल्डर इथेच चुकतात. हवा आत घ्यायचं भोक सगळे पाडतात, तापलेली हवा बाहेर जायची वाट कुणी बघत नाही. खोलीला एकच खिडकी असली तर वारा येत नाही, हे घर बांधताना आपल्याला कळतं, पण बॉनेट कापताना आपण विसरतो. फेरारी कंपनीची १९८७ ची एफ-४० ही गाडी बघा. तिच्या मागच्या पारदर्शक झाकणाला चक्क पट्ट्या कापलेल्या आहेत, इंजिनाची वाफ वर निघून जावी म्हणून. जग्वार ई-टाइप ही १९६१ ची ब्रिटिश गाडी, तिच्या लांबलचक बॉनेटवरच्या खाचा दिसायला शोभेच्या वाटतात, पण त्या तापलेली हवा बाहेर टाकण्यासाठी आहेत.

बाहेरची वाट कुठे काढायची यालाही मेळ लागतो. काही जीपवाले बॉनेटच्या मागच्या बाजूला, काचेजवळ, बिजागरीखाली वायसर घालून फट ठेवतात. गरम हवा तिथून निघेल असा हिशेब. गाडी उभी असताना ती निघतेही. पण गाडी पळू लागली की समोरचा वारा काचेवर आपटतो आणि तिथे दाब वाढतो. मग त्या फटीतून हवा बाहेर येण्याऐवजी उलट आत शिरते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला मागे रेटते. भोक एकच, पण उभ्या गाडीत त्याचं काम एक आणि पळत्या गाडीत दुसरं.

कांदा चाळ बांधणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. तळाला मोकळी जागा सोडतो, ती गार हवा खालून यावी म्हणून. वर छताशी वाट ठेवतो, ती उबट हवा निघावी म्हणून. चार फूट रुंदी आणि पाच फूट उंचीच्या वर कांदा रचू नका असं आम्ही सांगतो, तेही हवा मधल्या कांद्यापर्यंत पोचावी म्हणूनच. रेडिएटर म्हणजे तरी काय, बारीक फटींची चाळच.

चिलटांनी सांगितलेली गोष्ट

आता दुसरी एक गाडी. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने १९६९ साली ९१७ नावाची शर्यतीची गाडी काढली. बारा सिलिंडर, पाण्याचा रेडिएटर नाहीच, इंजिनावर आडवा बसवलेला मोठा पंखा हवेनेच इंजिन गार ठेवायचा. वेग भयंकर, पण वेग वाढला की गाडी रस्त्यावर ठरत नव्हती. मागचा भाग उचलल्यासारखा व्हायचा. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल मां इथल्या २४ तासांच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत ही गाडी चालवणारा एक खेळाडू प्राणाला मुकला. चांगले चांगले चालक तिच्यात बसायला कचरत होते.

ऑक्टोबर १९६९ मध्ये ऑस्ट्रियात झेल्टवेगजवळच्या शर्यतीच्या रस्त्यावर तिच्या चाचण्या चालू होत्या. गाडी परत आली तेव्हा तिच्या अंगावर चिलटं चिकटून मेलेली होती. जॉन हॉर्समन हे इंजिनिअर ती बघत होते. पुढे चिलटं, काचेवर चिलटं, पण मागच्या शेपटावरच्या पट्ट्यांवर एकही नाही. जिथे चिलट पोचलं नाही तिथे वाराही पोचत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे वाऱ्याने गाडीला खाली दाबावं म्हणून लावलेल्या पट्ट्या फुकट होत्या, वारा त्यांच्या वरून निघून जात होता. मग तिथल्या तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे कात्रीने कापून, चिकटपट्टी लावून, आखूड आणि उंच शेपूट तयार केलं. गाडी ठरू लागली आणि फेरीचा वेळही काही सेकंदांनी उतरला. पुढे कारखान्याने तसंच शेपूट बनवलं. जून १९७० मध्ये याच आखूड शेपटाच्या गाडीने ल मां जिंकली. पोर्शेचा तिथला तो पहिलाच निखळ विजय.

ही दुरुस्ती इंजिन गार करण्याची नव्हती, गाडी रस्त्यावर ठरवण्याची होती. पण हॉर्समन यांची पद्धत आपल्या कामाची आहे. त्यांनी आधी वारा कुठे जातो ते पाहिलं, मग पत्रा कापला. आपल्याकडे पत्रा आधी कापला जातो.

ट्रॅक्टर पळत नाही

आता मूळ प्रश्नाकडे. गाडीला भोकं असतात, मग ट्रॅक्टरला का नको? याचं उत्तर वेगात आहे. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावते, ट्रॅक्टर नांगरताना ताशी ५ किलोमीटरने चालतो. वेगात फरक २० पट, म्हणून वाऱ्याच्या दाबात फरक ४०० पट. आणि मळणीला तर ट्रॅक्टर जागेवर उभा असतो. तिथे बॉनेटवरचा फुगीर टोप कितीही मोठा केला तरी त्यात वारा भरायला येणार कुठून?

उभ्या ट्रॅक्टरला वारा देणारा एकच, तो म्हणजे पंखा. आणि त्याच्यावर ओझं किती, बघा. ४५ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण भाराने चालतं तेव्हा जेवढं काम करतं त्याच्या निदान पाऊणपट उष्णता त्याला पाण्यातून बाहेर टाकावी लागते. म्हणजे ढोबळ मानाने २५ किलोवॅट. घरी अंघोळीच्या पाण्याचे २ किलोवॅटचे बारा हिटर एकदम लावल्यासारखं. ही सगळी आग रेडिएटरच्या फटींतून जाणारी हवाच उचलून नेते. नांगरटीला निदान मोकळी हवा असते. हडंब्यावर ट्रॅक्टर तासन् तास भाराखाली आणि वर भुसकटाच्या धुरळ्यात उभा असतो.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचा पंखा समोरची हवा रेडिएटरमधून आत ओढतो. त्याने रेडिएटरमधूनच ओढावी म्हणून भोवती पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कडं असतं, मेकॅनिक त्याला फॅन कव्हर म्हणतात. रेडिएटर आणि बॉनेट यांच्या फटीत स्पंजच्या किंवा रबराच्या पट्ट्या असतात. या पट्ट्या म्हणजे बांध. बांध फुटला की पाणी वाफ्यात न जाता सरळ वाहून जातं, तशी हवा रेडिएटर सोडून फटीतून येते. त्याहून वाईट म्हणजे इंजिनाची तापलेली हवाच त्या फटीतून पुढे येऊन पुन्हा ओढली जाते. बॉनेटला वर भोक पाडलं की नेमकं हेच होतं. ते पंख्याच्या पुढच्या अंगाला पडलं तर पंखा रेडिएटरऐवजी भोकातून हवा घेतो, कारण तिथे अडथळा कमी. वारा कधीही सोपी वाट धरतो.

मागच्या सोयाबीनच्या हंगामात असा एक ट्रॅक्टर पाहिला. बॉनेटवर दोन टोप, समोर मोठी शोभेची जाळी, जाळीवर चार दिवे आणि मधोमध नावाची पाटी. पाटी बरोबर रेडिएटरसमोर. मालकाने गावातल्या पंधरा-वीस खळ्यांचं गुत्तं घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी काटा लालमध्ये गेला, तरी "एवढी गंजी होऊ द्या" म्हणत हडंबा चालूच ठेवला. हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं. ट्रॅक्टर आठ दिवस गॅरेजला, दुसरा मिळेना, आणि मधेच पाऊस आला. ज्यांची सोयाबीन गंजीत भिजली त्यांचा ट्रॅक्टरशी काही संबंधही नव्हता. उघडून पाहिलं तर स्पंजच्या पट्ट्या कधीच्याच गळून गेलेल्या, आणि रेडिएटरच्या फटी निम्म्याहून जास्त भुसकटाने गच्च. भुसकट फक्त एका कडेला होतं. पाटीच्या मागे रेडिएटर कोरा. चिलटांची गोष्ट मला तिथेच आठवली. पाटीमागच्या भागात हवा गेलीच नव्हती, म्हणून तो स्वच्छ होता!

घरच्या घरी करण्यासारखी तपासणी

मोटार बनवणारे पत्र्यावर लोकरीचे धागे चिकटवून वारा कुठे वळतो ते बघतात. तुम्हालाही ते करता येईल. समोरच्या जाळीवर आणि कडेच्या पत्र्याच्या खाचांवर वीतभर धागे चिकटवा, इंजिन चालू करा आणि लांबून बघा. पंखा ओढणारा असेल तर जाळीवरचे सगळे धागे आत झुकले पाहिजेत आणि कडेचे बाहेर. एखाद्या कोपऱ्यातला धागा लोंबकळतच राहिला तर तिथे काहीतरी अडलंय. कडेचा धागा आत ओढला जात असेल तर तिथून चोरवाट आहे. दुसरी रीत त्याहून सोपी आहे. वहीचा कागद जाळीला लावून सोडा. हवेने तो चिकटून राहिला तर ठीक, गळून पडला तर जाळी काढून रेडिएटर बघा. हे करताना उपरणं, सैल बाही, ओढणी पंख्यापासून लांब ठेवा, आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका.

साफ करताना नेहमी उलट्या दिशेने करा. म्हणजे इंजिनाच्या बाजूने समोर. पुढून पाण्याचा मारा केला तर भुसकट आणखी खोल जाऊन बसतं. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार पाइपाने पातळ पाती वाकतात, मग फटी कायमच्याच मिटतात, तेव्हा हवा किंवा पाणी बेताच्या जोराने मारा. मळणीत दर दोन-अडीच तासांनी थांबून समोरची जाळी झाडा. इंजिन बंद करूनच. ट्रॅक्टर उभा करताना वाऱ्याचा अंदाज घ्या. तोंड वाऱ्याकडे आणि भुसा वाऱ्याखाली जाईल अशी जागा धरली तर निम्मा त्रास तिथेच मिटतो. माझ्या मते, या एका गोष्टीने जेवढं साधतं तेवढं वेल्डरच्या हजार रुपयांच्या कामाने साधत नाही.

पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून बघा, साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. ढिला असला की पंखा हळू फिरतो आणि पाण्याचा पंपही. दुरुस्तीनंतर पंखा उलटा बसवलेलेही ट्रॅक्टर मिळतात. तो फिरतो, आवाजही करतो, पण हवा कमी देतो.

काही मेकॅनिक इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. हे करू नका. त्याने इंजिन योग्य तापमानाला यायला उशीर लागतो, डिझेल नीट जळत नाही, आणि तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. बोअरचं क्षाराचं पाणी तर रेडिएटरला विषच. किटलीत जसा पांढरा थर चढतो तसाच आत नळ्यांत चढतो, मग बाहेरून कितीही वारा द्या. कुलंट घाला, आणि मिसळायचं तर क्षार नसलेलं पाणी घ्या.

कडेचे पत्रे काढून टाकून ट्रॅक्टर उघडाच चालवायची एक पद्धत पडली आहे. हवा मिळते हे खरं. पण मग वाळलेलं भुसकट सरळ तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर जाऊन साठतं. खळ्यावर शेजारी गंजी उभी असते. एक ठिणगी पुरे. पत्रे काढायचेच म्हटलं तर दर थांब्याला नळीवरचं भुसकट झाडायची जबाबदारी एका माणसावर टाका आणि जवळ पाण्याचं पिंप भरून ठेवा.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींसाठी दोन शब्द. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही, आणि ट्रॅक्टरचीही नोंदणी होतेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा मुद्दा आणखी स्पष्ट केला. वाहनांपुढे लोखंडी गार्ड बसवण्यावर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. असं काही बसवलेल्या वाहनाचा अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर सजवतात, त्या सजावटीतली रेडिएटरसमोरची पाटी आणि दिवे तरी काढून घ्यायला सांगा.

आणि काटा लालमध्ये गेलाच तर काय करायचं? आधी हडंब्याचा भार सोडा. पट्टा तुटला नसेल आणि पाणी गळून गेलं नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका. भार नसताना मध्यम गतीवर थोडा वेळ चालू ठेवा, म्हणजे पंखा आणि पंप आतली उष्णता बाहेर काढतील. पट्टा तुटला असेल किंवा पाणी गेलं असेल तर मात्र ताबडतोब बंद करा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. रेडिएटरचं झाकण दाबाचं असतं, त्यामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि झाकण उघडताक्षणी त्याची वाफ होऊन तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, रेडिएटरला हात लावता आला की झाकणावर जाड पोतं टाका, तोंड बाजूला करा, आधी थोडंच फिरवून दाब जाऊ द्या आणि मगच पूर्ण उघडा.